इंदूरला सहकुटुंब स्थलांतर आणि शिक्षकी पेशाचा विचार : नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कुटुंबाचे बस्तान दुसऱ्या शहरात हलवणे आणि त्याच काळात शिक्षक होण्याचा विचार करणे ही दोन कामे वेगळी वाटली, तरी इंदूरच्या बाबतीत ती एकाच दोरीने बांधलेली आहेत. घरातल्या एकाची बदली पीथमपूरच्या कारखान्यात किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या संगणक कंपनीत होते, मुलांची शाळा सुटते, आणि घरातल्या दुसऱ्या शिकलेल्या माणसाला वाटू लागते की आता मुलांच्या वेळेशी जुळणारे काम पाहावे, म्हणजे शाळेत शिकवावे. मी नाशिकहून याच वाटेने येथे आले. दोन मुले, एक जुनी पदवी, महाराष्ट्रातले बी.एड. आणि होळकरांच्या गावात मराठी चालतेच हा भाबडा विश्वास, एवढे सामान माझ्याजवळ होते. मराठी येथे खरोखरच चालते: घरमालकाशी, किराणा दुकानात, गणपतीच्या मंडपात, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमात. वर्गात मात्र ती चालत नाही, आणि सरकारी अर्जांवर तर मुळीच नाही. पुढे जे लिहिले आहे ते या एका गोष्टीभोवती फिरते.

पायरी १ : आधी महिना ठरवावा, मग घर

बहुतेक कुटुंबे प्रथम घर शोधतात, मग शाळा आणि सर्वांत शेवटी स्वतःची नोकरी. इंदूरला हा क्रम अंगाशी येतो, कारण मध्य प्रदेशात शाळेचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. मुले महिनाभर शाळेत जातात, मे महिन्यात सुट्टी लागते आणि जूनच्या मध्याला शाळा पुन्हा भरते. खासगी शाळा नव्या शिक्षकांची निवडही त्याच हिशेबाने करतात. जानेवारीपासून जाहिराती येऊ लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती आणि प्रात्यक्षिक तास होतात आणि एप्रिलच्या आरंभी नवा शिक्षक वर्गावर उभा असतो. जूनच्या अखेरीस एक लहानशी खिडकी पुन्हा उघडते, कारण सुट्टीत काही जण नोकरी सोडतात. पण तिच्यावर विसंबून राहू नये.

महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळेतून येणाऱ्यांची येथे कोंडी होते. मुलांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असतात, निकाल प्रथेप्रमाणे १ मे रोजी लागतो आणि दाखला त्यानंतर मिळतो; इंदूरच्या शाळेत तोवर पहिला महिना संपलेला असतो. यावर उपाय आहे. बहुतेक शाळा प्रथम सत्राचे गुणपत्रक आणि पालकांचे हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतात आणि दाखला जूनमध्ये स्वीकारतात. मात्र हे फोनवर विचारून समाधान मानू नये. शाळेच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे. दिवाळी आणि संक्रांत यांच्या दरम्यान चार-पाच दिवस काढून दोघांनी एकदा इंदूरला यावे, शाळा पाहाव्यात, आणि त्याच फेरीत आपला परिचयपत्र-अर्जही तीन-चार शाळांत देऊन यावा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्रीत आणते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. नाशिक-धुळेकरांना मात्र अजून सेंधव्याच्या घाटातून रस्त्यानेच यावे लागते. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, पण त्यावरून गाडी धावेपर्यंत आपली मुले बहुधा महाविद्यालयात गेलेली असतील.

मूल नववीत किंवा अकरावीत असेल, तर स्थलांतर एक वर्ष पुढे-मागे करता येते का हे गांभीर्याने पाहावे. केंद्रीय मंडळात, म्हणजे सीबीएसईत, विद्यार्थ्याची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश बदलीसारख्या सबळ कारणावर आणि मंडळाच्या परवानगीनेच मिळतो. अशा वेळी बदलीचा आदेश, नव्या गावचा राहण्याचा पुरावा आणि जुन्या शाळेची नोंदणी हे तिन्ही कागद हाताशी हवेत.

पायरी २ : महाराष्ट्र सोडण्यापूर्वी गोळा करावयाची कागदपत्रे

सर्वांत जास्त वेळ नावांच्या लिखाणात जातो, हे येथे येईपर्यंत कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी छापलेले असते. मध्य प्रदेशातील अर्जांत विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव असे तीन स्वतंत्र रकाने असतात. परिणामी आधार कार्डावर तीन शब्दांचे नाव, दाखल्यावर आडनावाने सुरू होणारे नाव आणि शाळेच्या नोंदीत दोन शब्दांचे नाव, अशी एकाच मुलाची तीन रूपे तयार होतात आणि संगणक ती तीन वेगळी माणसे समजतो. निघण्यापूर्वी आधार कार्डावरील नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी अक्षरशः जुळवून घ्यावी. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या विवाहित स्त्रीने स्वतःचे कागदही तपासावेत. माझी पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने होते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नाशिकच्या कपाटात राहिले होते आणि एका शाळेतली हाती आलेली निवड त्या कागदापायी महिनाभर लोंबकळली.

मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला शक्य असल्यास इंग्रजीतही घ्यावा आणि राज्य बदलत असल्यामुळे त्यावर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी यांची प्रतिस्वाक्षरी करून घ्यावी. येथील सर्व शाळा ती मागत नाहीत. पण मागितल्यावर त्या एका सहीसाठी पुन्हा शेकडो किलोमीटर जावे लागते. दाखल्यावर किंवा गुणपत्रकावर यू-डायसमधील, म्हणजे शाळांच्या देशव्यापी संगणक नोंदीतील, कायम शिक्षण क्रमांक, ज्याला सगळे ‘पेन नंबर’ म्हणतात, तो आणि अपार हा विद्यार्थ्याचा देशपातळीवरील ओळख क्रमांक लिहून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या शाळेने विद्यार्थ्याचे नाव यू-डायसच्या प्रणालीत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकलेले असावे लागते, ते टाकल्याशिवाय नवी शाळा त्या मुलाला आपल्या नोंदीत ओढू शकत नाही. दाखला हातात पडला म्हणजे काम झाले असे जुन्या शाळेतील लिपिकालाही वाटते, म्हणून ‘ड्रॉपबॉक्स’ हे नाव घेऊन विचारावे.

स्वतःसाठी सर्व वर्षांची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, बी.एड. किंवा डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचे कागद, आणि येथे पुढे शिकण्याचा विचार असेल तर विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र घ्यावे. आपले अध्यापक महाविद्यालय राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता असलेले होते, हे दाखवणारा कागद जवळ असल्यास पुष्कळ प्रश्न आपोआप मिटतात. पूर्वी शिकवले असेल तर अनुभवाचे प्रमाणपत्र विषय, इयत्ता आणि तारखांसह असावे. ‘आमच्या शाळेत काही काळ कार्यरत होत्या’ अशा मोघम पत्राला येथे किंमत नाही.

पायरी ३ : घर

मराठी कुटुंबांची जुनी वस्ती राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर, रामचंद्रनगर या भागांत आहे आणि नव्या माणसाचा ओढा साहजिकच तिकडे असतो. विजयनगर, स्कीम ५४, स्कीम ७८ आणि निपानिया हा भाग दुसऱ्या टोकाला. येथे पत्ता सांगताना विकास प्राधिकरणाच्या योजनांचे क्रमांकच वापरतात, त्यामुळे ‘स्कीम नंबर’ ऐकून गोंधळू नये. माझा सल्ला असा की मराठी शेजार आणि शाळेचे अंतर यांत निवड करावी लागली, तर अंतराला मान द्यावा. मोठ्या शाळांपैकी पुष्कळ बायपासच्या बाजूला गेल्या आहेत. बस सकाळी लवकर येते आणि त्याच सुमारास शिक्षिकेलाही घर सोडायचे असते. आजी-आजोबा सोबत येत असतील तर मात्र उत्तर बदलते, कारण दुपारभर घरी राहणाऱ्या माणसाला बोलायला कोणी तरी हवे असते.

घर पाहताना नर्मदेचे पाणी किती दिवसांनी येते आणि बोअरिंग आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. पुष्कळ वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. ओला आणि सुका कचरा वेगळा देणे येथे शिष्टाचार नसून शिस्त आहे. गाडी वाट पाहत नाही आणि एकत्र केलेला कचरा घेतही नाही. भाडेकरार नोंदवलेला किंवा निदान नोटरी केलेला घ्यावा आणि भाडेकरूची पोलीस नोंद करून घ्यावी, कारण पुढच्या पायरीला हेच कागद लागतात.

पायरी ४ : समग्र आयडी

महाराष्ट्रात या गोष्टीला समांतर असे काही नाही, त्यामुळे नवख्यांना तिचे महत्त्व कळत नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी परिवार क्रमांक आणि प्रत्येक सदस्याला ९ अंकी सदस्य क्रमांक असतो. दोन्ही मिळून त्याला ‘समग्र’ म्हणतात. मुलांचा शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, सरकारी भरतीचे अर्ज अशा अनेक ठिकाणी हा क्रमांक मागतात. घर मिळाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात नगर निगमच्या आपल्या झोन कार्यालयात किंवा एमपी ऑनलाइनच्या केंद्रावर जाऊन संपूर्ण कुटुंबाची नोंदणी करावी आणि आधारशी जोडणी, म्हणजे ई-केवायसी, पूर्ण करावी. नावांची जुळणी आधी केली असेल तर हे काम सोपे जाते. केली नसेल तर दुसऱ्या पायरीवर मी एवढे का थांबले ते येथे उमगते.

‘मूल निवासी’ प्रमाणपत्र, म्हणजे मूळ रहिवासी असल्याचा दाखला, ही वेगळी गोष्ट आहे. ते लोकसेवा केंद्रातून मिळते, पण बाहेरून आलेल्या माणसाला साधारणपणे दीर्घ वास्तव्याची अट पूर्ण केल्याशिवाय मिळत नाही. राज्याच्या शिक्षक भरतीतील आरक्षणाचा लाभ मध्य प्रदेशच्या मूल निवाशांपुरता आहे आणि महाराष्ट्रातले जातप्रमाणपत्र येथे आरक्षणासाठी चालत नाही. अशा उमेदवाराला खुल्या प्रवर्गातूनच अर्ज करावा लागतो. हे आधी कळले म्हणजे अभ्यासाचे आणि मनाचे नियोजन नीट होते.

पायरी ५ : मुलांची शाळा

येथे फार विस्तार करण्याचे कारण नाही. केंद्रीय मंडळ की राज्य मंडळ हा निर्णय पुढे पुन्हा बदली होणार आहे का यावर घ्यावा. राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुस्तके आणि वह्यांसाठी खजुरी बाजार आहे. शाळेने एकाच दुकानाचे नाव दिले तरी एकदा तेथे चौकशी करावी.

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले तीन महिने हिंदी जड जाते, आणि ते भाषण नव्हे तर लेखन. ऐकून बोलणे मुले पंधरा दिवसांत शिकतात. ‘ने’ आणि ‘की’ यांत ती अडकतात. अंकांचेही असेच होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याची संख्यावाचनाची पद्धत आणली होती. त्या पद्धतीने शिकलेल्या माझ्या धाकटीला ‘इकहत्तर’ ऐकून ७१ लिहिण्यास पुष्कळ दिवस लागले. घरात मराठी वाचन थांबवू नये. येथे जन्मलेली मराठी मुले बोलतात छान, पण मराठी वाचण्याचा कंटाळा करतात, आणि ती सवय पहिल्या वर्षीच सुटते. सुट्ट्यांचा तक्ताही पाहून ठेवावा: रंगपंचमीला येथे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि स्थानिक सुट्टी असते. धुळवडीला जे करायचे ते इंदूरकर त्या दिवशी करतात.

पायरी ६ : आपण कोणत्या दाराने शिक्षक होणार

‘शिक्षक व्हायचे आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या इयत्तेचा, कोणत्या शाळेत, आणि कायम की कंत्राटी, हे आधी ठरवावे लागते. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने बंधनकारक केली. महाराष्ट्राची टीईटी महाराष्ट्रापुरती आहे. ती घेऊन इंदूरला आलेल्या माणसाला राज्य भरतीसाठी मध्य प्रदेशची परीक्षा द्यावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी एकच परीक्षा देता येणार असेल, तर केंद्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, द्यावी. ती सीबीएसई घेते. प्रत्येक पेपरला १५० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात, आणि उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी. भाषांच्या यादीत मराठी आहे आणि ती घेतल्यास गुण सहज मिळतात हे खरे. तरीही इंदूरला शिकवायचे असेल तर हिंदी आणि इंग्रजी घ्यावी असे माझे मत आहे, कारण ती तयारी पुढे वर्गातही कामी येते.

प्राथमिकसाठी बी.एड. चालते, हा समज मात्र आता सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयात पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता मान्य केली नाही, तेथे डी.एल.एड. हवे. ज्यांना लहान मुलांनाच शिकवायचे आहे, त्यांनी दोन वर्षे आणि पुष्कळ पैसे घालून बी.एड. करण्यापूर्वी हे वाक्य पुन्हा वाचावे. सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि पात्रता परीक्षा. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड.; अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड., असा ढोबळ हिशेब आहे.

राज्याच्या भरतीत पदांना लोक अजून ‘वर्ग १, वर्ग २, वर्ग ३’ म्हणतात: वर्ग १ म्हणजे उच्च माध्यमिक, वर्ग २ माध्यमिक, वर्ग ३ प्राथमिक. कर्मचारी चयन मंडळ आधी पात्रता परीक्षा घेते आणि नंतर निवड परीक्षा. पहिली उत्तीर्ण झाली म्हणजे नोकरी लागली असा अर्थ होत नाही. अर्ज करताना रोजगार कार्यालयातील चालू नोंदणीही पाहतात. या वाटेला वर्षे लागू शकतात. त्या मधल्या काळात सरकारी शाळेत अतिथी शिक्षक होता येते. २०२३ मध्ये त्यांचे मासिक मानधन वर्ग १, २ आणि ३ साठी अनुक्रमे १८,०००, १४,००० आणि १०,००० रुपये असे वाढवण्याचे जाहीर झाले. केंद्रीय विद्यालयेही दर वर्षी कंत्राटी शिक्षकांसाठी थेट मुलाखती घेतात. त्यांच्या संकेतस्थळांवरील सूचना फेब्रुवारीपासून पाहत राहावे. पहिल्या वर्षी आलेल्या माणसासाठी हे दार मला सर्वांत प्रामाणिक वाटते: मुलाखत एका दिवसाची, वेतन ठरलेले आणि अनुभवाचा कागद स्वच्छ.

महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अलीकडच्या काळात उत्तीर्ण केलेली महाराष्ट्राची सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, मध्य प्रदेशात सहायक प्राध्यापकपदासाठी चालत नाही. येथे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची सेट हवी. सरकारी महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला येथे ‘अतिथि विद्वान’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, नोकरीची शाश्वती तेवढी नाही.

ज्यांच्याजवळ बी.एड. नाही, त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात प्रवेश घेण्याची घाई करू नये. एक वर्ष एखाद्या शाळेत बदली शिक्षक म्हणून किंवा शेजारच्या चार मुलांची शिकवणी घेऊन स्वतःची परीक्षा पाहावी. शिकवणे आवडते आणि शाळा आवडते या दोन वेगळ्या आवडी आहेत. प्रवेश घ्यायचा ठरल्यास तो उच्च शिक्षण विभागाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो, खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात आणि अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा शिक्षणशास्त्र विभाग खंडवा रोडच्या परिसरात आहे. शिकवणी वर्गांचे जे भंवरकुआ, ते त्याच रस्त्यावर. ‘कॉलेजला यावे लागणार नाही’ असे सांगणारा मध्यस्थ भेटल्यास तेथूनच परत फिरावे. नियमांप्रमाणे तासांना ८० टक्के आणि शाळेतील प्रात्यक्षिकाला ९० टक्के उपस्थिती लागते, आणि वीस आठवड्यांचे ते प्रात्यक्षिकच बी.एड.चा खरा गाभा आहे.

पायरी ७ : वर्गातली हिंदी

मराठी माणसाला हिंदी येते, हे आपण सगळे धरून चालतो. बाजारातली येते, फळ्यावरची येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतसुद्धा मुलाला न समजलेली गोष्ट शेवटी हिंदीतच समजावावी लागते, आणि तेथे दोन्ही भाषांतले सारखे दिसणारे शब्द दगा देतात.

माझ्या पहिल्या प्रात्यक्षिक तासाला मी सातवीच्या वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने ‘गुणोत्तर’ म्हटले. मुले शांत, मागे बसलेल्या वरिष्ठ शिक्षिका गोंधळलेल्या. हिंदीत त्याला ‘अनुपात’ म्हणतात, आणि ‘गुणोत्तर श्रेणी’ ही वरच्या वर्गातली निराळीच गोष्ट आहे. आपला अपूर्णांक हिंदीत ‘भिन्न’ होतो. आपण चौकोनाच्या तिरप्या रेषेलाही कर्ण म्हणतो आणि काटकोन त्रिकोणाच्या मोठ्या बाजूलाही. हिंदीत पहिला ‘विकर्ण’ आणि दुसरा ‘कर्ण’. लसावि-मसावि येथे कोणालाही कळत नाहीत. ‘वर्ग’ हा गणितात दोन्हीकडे वर्गच, पण मुले बसतात ती ‘कक्षा’.

गणिताबाहेर प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘शिक्षा’ म्हणजे येथे शिक्षण. शिक्षा करीन असे रागाने म्हटल्यास मुले आनंदाने मान डोलावतात. सूचनाफलकावर ‘अवकाश’ लिहिले असेल तर त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे. ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘प्रकृति’ म्हणजे निसर्ग, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. पालकांना येथे ‘अभिभावक’ असेही म्हणतात. आणि नाशिकच्या शाळेत ज्या एका हाकेने माझा सगळा अधिकार उभा राहायचा, ती ‘बाई’ ही हाक येथे घरकामाला येणाऱ्या स्त्रीसाठी आहे. येथे ‘मैडम’ किंवा ‘दीदी’. सवय व्हायला वेळ लागतो, आणि थोडे दुखतेही.

यासाठी कोणता वर्ग लावण्याची गरज नाही. खजुरी बाजारातून आपल्या विषयाची सहावी ते दहावीची हिंदी माध्यमाची पाठ्यपुस्तके घ्यावीत, प्रत्येक प्रकरणातील पारिभाषिक शब्दांची मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन रकान्यांची वही करावी आणि रोज एक धडा घरातल्या कोणासमोर मोठ्याने शिकवावा. श्रोता स्वतःचे मूल असेल तर चुका निर्दयपणे दाखवल्या जातात. दोन महिन्यांत फरक पडतो.

पायरी ८ : प्रात्यक्षिक तास आणि नियुक्तिपत्र

प्रात्यक्षिक तास वीस ते तीस मिनिटांचा असतो. त्यात पाठ पूर्ण करण्याची धडपड करू नये. एक कल्पना, फळ्यावर स्वच्छ अक्षर आणि मुलांना विचारलेले तीन-चार चांगले प्रश्न पुरतात. निवड झाल्यावर मात्र भिडस्तपणा सोडून प्रश्न आपण विचारावेत. वेतन बारा महिन्यांचे आहे की दहा-अकरा. मे महिन्याचे मिळते का. भविष्य निर्वाह निधी कापला जातो का. नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागते. आठवड्याला किती तासिका असतील आणि बसमधली देखरेख त्यांत धरली आहे का. पुष्कळ खासगी शाळा शिक्षकांच्या मुलांना शुल्कात सवलत देतात, पण ती पहिल्या वर्षापासून मिळते की कायम झाल्यावर, आणि दोन्ही मुलांना की एकालाच, हे नियुक्तिपत्रात लिहिलेले असावे. स्वतःच्याच शाळेत मूल असणे पहिल्या वर्षी सोयीचे असते. मूल सातवी-आठवीत गेले की त्यालाच ते नकोसे होते, हेही धरून चालावे.

मूळ प्रमाणपत्रे शाळेत जमा करण्यास सांगितल्यास नकार द्यावा. एका शाळेने माझी बी.एड.ची मूळ गुणपत्रिका ‘केवळ पडताळणीसाठी’ ठेवून घेतली आणि मी सोडून जाईन या भीतीने ती पाच महिने परत केली नाही. दुसरीकडे चांगली संधी आली तेव्हा दाखवायला माझ्याजवळ छायाप्रतच होती. तेव्हापासून मी मूळ कागद समोर बसून दाखवते, साक्षांकित प्रत देते आणि मूळ प्रत पिशवीत घालूनच उठते.

पहिले वर्ष पूर्ण होण्याच्या आत आणखी एक काम उरते. महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून एमपी ०९ मध्ये तिची पुनर्नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मुलांचे दाखले आणायला जूनमध्ये जाल, त्याच खेपेत मागून घ्यावे.